सात नंबरची काच

“शिडी घट धरलीया बाई. खुशाल चढा,” तातोबा गुरव खालून म्हणाले.

मी चढले. सभामंडपाच्या दगडी तुळईपाशी तोंड नेलं आणि सात नंबरची काच पाहिली. अख्खी होती. नुसती अख्खी नाही, लख्ख होती. वहीत लिहिलं, ‘७ – शाबूत’, आणि उतरले. त्याआधीच्या सहा शाबूत होत्या, पुढच्या सातही शाबूत निघाल्या. चौदापैकी चौदा. परीक्षेतसुद्धा मला कधी पैकीच्या पैकी मिळाले नव्हते, त्यामुळे मी खूश होते.

ही गोष्ट सव्वीस वर्षांपूर्वीची. मोरवण्याचं कुंभेश्वराचं देऊळ डोंगराच्या कुशीत आहे. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड ठेवून उभं केलेलं, आठनऊशे वर्षांचं. त्या भागाला जमीन हलण्याची सवय आहे. भांडी वाजली की बायका फक्त दुधाचं पातेलं धरतात आणि बोलणं चालू ठेवतात. पण आदल्या पावसाळ्यात एक धक्का जरा जोराचा बसला आणि मंडपाच्या तुळयांना भेगा दिसल्या. देऊळ अजून किती हादरे सोसेल हे सांगायचं काम जुन्या वास्तू तपासणाऱ्या आमच्या ऑफिसकडे आलं आणि ऑफिसातून माझ्याकडे. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते आणि मला सगळं येतं अशी माझी समजूत होती.

आश्विनात येऊन मी प्रत्येक भेगेवर एकेक काचपट्टी आडवी बसवली होती, दोन्ही टोकांना प्लास्टरचे गोळे लावून. युक्ती जुनी आणि सोपी. काच ताणली जात नाही. भेग केसभर जरी रुंदावली तरी काच तडकते. काच अख्खी तर भेग जागच्या जागी. लाल रंगाने मी नंबर घातले, तेही मराठी आकड्यांत, तात्यांना वाचता यावेत म्हणून. आणि निघताना त्यांना म्हणाले होते, “तात्या, या काचा आता तुमच्या हवाली. देवासारख्या सांभाळा. दर महिन्याला येऊन मी बघून जाईन.”

त्यानंतर चार महिन्यांत मी एकदाही फिरकले नाही. दुसरी कामं निघाली, हे कारण नेहमीच हाताशी असतं.

आता आले होते ती महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, कारण गावाला पत्र हवं होतं. मोरवण्याला शिवरात्र म्हणजे लेकींचा दिवस. गावातून लग्न होऊन गेलेल्या सगळ्या लेकी त्या दिवशी येतात, पाण्याचा तांब्या मांडीवर घेऊन दिवसभर उपाशी मंडपात बसतात आणि दिवेलागणीला ते पाणी देवाला घालतात. दीडदोनशे बायका, कुणाच्या ओटीत पोर. त्यांना आत बसू द्यायचं की नाही, एवढंच मला लिहून द्यायचं होतं.

मी लिहून दिलं. ‘मंडप सद्यःस्थितीत वापरास सुरक्षित.’ खाली सही. सरपंच महिपतराव पत्र घ्यायला देवळाच्या पायरीवरच बसले होते. त्यांनी ते घडी घालून खिशात ठेवलं, माझ्यासाठी चहा मागवला आणि तो होताच आपल्या दुकानाकडे गेले.

“काचा छान राखल्यात हं तात्या,” मी म्हणाले. “पुसतासुद्धा की काय?”

तात्या साठीचे, अंगाने काटक, कमरेला पंचा आणि गळ्यात रुद्राक्ष. ते लाजले. “तुमीच सांगितलं हुतं न्हवं, देवासारख्या. मग रोज पुसायला नगं?”

दहा फुटांवरच्या तुळईवरची काच कुणी रोज पुसतं का, आणि पुसायला चढतं तर आणखी काय काय करतं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला साडेचारची एसटी दिसत होती.

पिशवी खांद्याला लावून मी निघाले, तेवढ्यात तात्यांच्या बायकोची, पारूकाकींची हाक आली. त्या देवळामागच्या आपल्या घरातून लगबगीने येत होत्या. हातात लाल फडक्याचं गाठोडं, त्याला भाताचा कोंडा चिकटलेला.

“आवं, ह्ये ऱ्हायलं की!” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “तुमी बाईंना द्याचं इसरनार, मला वाटलंच. भाताच्या कणगीत तसंच हाय. उद्या शिवरात, आनि घरात खंडित ठेवायचं?”

“इसरलोच बगा,” तात्या म्हणाले आणि गाठोडं दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. “बाई, ह्याचं इसर्जन तुमच्या हातनं व्हायला पायजे. ज्यानं बसवलं त्यानं इसर्जावं, असा नेम हाय. जाता जाता वड्याला सोडा.”

मी गाठ सोडली. आत काचेचे तुकडे होते. प्रत्येक जोडी वेगळ्या कागदात नीट गुंडाळलेली, कागदावर शिसपेन्सिलीने आकडा आणि तिथी. ‘३ – कार्तिक शुद्ध नवमी.’ ‘११ – मार्गशीर्ष वद्य द्वितीया.’ आणि काचेवर लाल रंगातले आकडे, माझ्या हातचे.

“हे काय आहे तात्या?”

“मोडल्याल्या काचा की.”

“मग वरच्या?”

“त्या नव्या. पाटणात देवाच्या तसबिरी करतोय त्याच्याकडनं कापून आनल्या. देवाच्या दारात खंडित वस्तू ऱ्हाऊ देत न्हाईत बाई. काच मोडली की त्याच दिवशी सांजच्या पूजेच्या आत दुसरी बसवली. आकडाबी तसाच घातला.” त्यांच्या आवाजात चोख काम केल्याचं समाधान होतं.

मी पायरीवर बसले. एकेक कागद उलगडत गेले. एकूण अकरा. तीन नंबर दोनदा, अकरा नंबर दोनदा, आणखी तीन नंबर एकेकदा. आणि सात नंबर चार वेळा. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ. महिन्याला एक.

“या दिवशी जमीन हलली होती का?” मी सातच्या चारही तिथ्या दाखवल्या.

तात्यांनी आठवून पाहिलं. “कार्तिकात हलली. पौषातबी भांडी वाजली. बाकी दोन टायमाला काय न्हाई. सकाळी झाडायला गेलो तर काच मोडल्याली.”

हादऱ्याने मोडली असती तर एक वेळ समजू शकले असते. न हलता मोडली, याचा अर्थ ती तुळई आपली आपणच बसत चालली होती. सातवी तुळई नंदीच्या वर होती. उद्या तिच्याखाली बायकांची सगळ्यात दाट गर्दी असणार होती. आणि ती सुरक्षित असल्याचं माझ्या सहीचं पत्र सरपंचांच्या खिशात होतं.

एसटी आली आणि गेली.

महिपतरावांचं दुकान गावाच्या तोंडाशी होतं. गावातला एकुलता एक फोनही तिथेच. मी धापा टाकत गेले आणि पत्र परत मागितलं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, खरं सांगायचं तर फार सभ्यपणे ऐकलं.

“मॅडम,” ते म्हणाले, “दुपारी दगड पक्का आनि सांजंला कच्चा, आसं कसं?”

“माझी चूक झाली.”

“आता चूक झाली म्हनताय. उद्या म्हनाल, चूक झाली म्हनलं हीच चूक. नऊशे वर्सं ऱ्हायलंय ह्ये. माझी आजी, माझी आय, सगळ्या हितंच बसल्या. लांब लांबनं लेकी निघाल्यात, निम्म्या तर आल्याबी. त्यांना काय सांगू, गुरवानं काच बदलली म्हनून घरला जावा?”

मी फोन फिरवला. आमचे खांबेटेसाहेब घरीच सापडले. त्यांनी आधी मला शिव्या घातल्या, त्या रास्तच होत्या. मग म्हणाले, “हे बघ विभा, पत्र दिलंयस ना? आता मागे घेतलंस तर आपल्या कुठल्याच पत्राला कुणी विचारणार नाही. एका दिवसाचा प्रश्न आहे. ये परत, मग बघू.” आणि ठेवला फोन.

एका दिवसाचा प्रश्न. मलाही क्षणभर ते बरं वाटलं, हे लपवत नाही. काचा सगळ्या शाबूत होत्या, वहीत तशी नोंद होती. गाठोडं ओढ्यात सोडलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं.

मुक्काम तात्यांच्या घरी पडला. त्यांची लेक राजाक्का बाळाला घेऊन तिन्हीसांजेलाच आली होती. गुरवाची लेक म्हणून तिची बसायची जागा ठरलेली, नंदीला पाठ टेकून. जेवताना तात्यांनी विचारलं, “बाई, एक सांगा. ती तुळई उद्या पडंल म्हनता?”

“पडेल असं नाही म्हणत मी. पण पडणार नाही असंही आता म्हणवत नाही.”

“पत्रात तर म्हनलं हुतं.”

“हो. म्हटलं होतं.”

त्यांनी भाकरीचा घास आमटीत बुडवला. “मग लोक आत बसू नयेत म्हंजी काय व्हायला पायजे?”

“सरपंचांनी दार बंद करायला हवं. ते करणार नाहीत. माझं आता कोण ऐकणार?”

“तुमचं न्हाई ऐकायचं,” तात्या शांतपणे म्हणाले. “तुमी पाव्हन्या.” आणि त्यांनी काकींना ताक वाढायला सांगितलं.

सकाळी मी देवळापुढे गेले तेव्हा आवार भरलं होतं. नवी लुगडी, तांब्याचे तांबे, बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या मैत्रिणींचा कलकलाट. मी ठरवलं होतं की दारात उभं राहून ओरडून सांगायचं. पायऱ्या चढायला लागले आणि माझ्या लक्षात आलं की कुणी माझ्याकडे बघतसुद्धा नाहीये.

एवढ्यात मंडपातून तात्या बाहेर आले. ओलेत्याने. हातात पूजेची पळी. गळ्यात उपरणं अडकवलेलं, गुन्हेगाराला दोरी बांधावी तसं. उंबऱ्याबाहेर ते सगळ्यांसमोर पालथे पडले. कलकलाट थांबला.

“गावकऱ्यांनो, माझ्या हातनं दोष घडलाय,” ते उठून बसत म्हणाले. आवाज खणखणीत होता. “चार महिनं खंडित वस्तू मी देवाच्या गाभाऱ्यात ठेवली. बाईंच्या मोडक्या काचा. कोनाड्यात ठेवल्या आनि तिथंच पूजा केली. कुनाला बोललो न्हाई. आज शिवरातीला माझ्यानं ऱ्हाववंना.”

बायकांमध्ये कुजबुज उठली. महिपतरावांचा चेहरा पडला. मला त्या वेळी नियम ठाऊक नव्हता. शेजारच्या म्हातारीने सांगितला. गाभाऱ्यात खंडित राहिलं की देवाला दोष लागतो. मग मुखवटा बाहेर आणायचा, बारा दिवसांनी शुद्धी करायची, आणि तोवर मंडपात कुणी पाय ठेवायचा नाही. गावाच्या इतिहासात असं पूर्वी एकदाच झालं होतं म्हणे.

“तात्या,” महिपतराव दातओठ खात म्हणाले, “चाळीस वर्सं देवाची सेवा केलीस आनि ह्यो दिवस निवडलास व्हय रं?”

“दोष झाला म्हंजी झाला. काय ती शिक्षा करा.”

शिक्षा तिथेच ठरली. तात्यांची पूजेची पाळी वर्षभर बंद, ती त्यांचा चुलतभाऊ दगडू करील. कुणी तरी तात्यांच्या हातातली पळी काढून घेतली. काकींनी पदर तोंडात धरला. राजाक्का बापाकडे बघत राहिली आणि मग मान खाली घालून बाळाचं टोपडं सारखं करत बसली.

मी काय केलं? काही नाही. गप्प उभी राहिले. चूक माझी होती, काचा माझ्या होत्या, येते म्हणून मी आले नव्हते. हे तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी मनाशी म्हणाले की आपण बोललो तर मंडप पुन्हा उघडतील, त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. ते खरंच होतं. पण त्याच्या आडोशाला दुसरंही एक खरं होतं: माझी लाज वाचत होती.

मुखवटा बाहेर आला. आंब्याच्या झाडांखाली लेकी बसल्या. सावली पुरेना, दुपारी उन्हाने सगळ्या लालबुंद झाल्या, पोरं रडली, आणि प्रत्येकीने एकदा तरी तात्यांच्या नावाने बोटं मोडली. दिवेलागणीला पाणी घातलं गेलं. देवळातला एक खडासुद्धा पडला नाही. “बघा,” महिपतराव मला म्हणाले. मी बघितलं.

ऑफिसात जाऊन मी अकरा तिथ्यांचा तक्ता केला. गुरवाच्या पेन्सिलीवर अहवाल लिहायचा का, असं साहेबांनी विचारलं. लिहायचा, मी म्हणाले. इतक्या नेमाने नोंदी ठेवणारं आपल्याकडे कुणीही नाही, मी धरून. साहेब तिरसट होते, पण तक्ता वाचता येत होता त्यांना. त्यांनी सही केली, आणि वैशाखात मोरवण्याला तुळयांना टेकू द्यायचे लाकडी धिरे, साखळ्या, कप्प्या आणि आठ माणसं पोचली. तुळया उतरवून बघायच्या आणि दुरुस्त करून परत तशाच बिनचुन्याच्या ठेवायच्या, असं ठरलं होतं.

सातवीखाली धिरे लावले. दोन्ही टोकांना साखळ्या टाकून ती जेमतेम बोटभर उचलली असेल नसेल, एक आवाज झाला, वाळकं लाकूड मोडावं तसा, आणि तुळई मधोमध दोन झाली. धिरे होते म्हणून अर्धे तुकडे त्यांच्यावर टेकले.

सगळं गाव जमलं. तुकडे खाली आणले तेव्हा मोडलेली बाजू वर आली. जवळजवळ सगळी काळी होती, शेकडो वर्षांच्या धुराने काजळलेली. म्हणजे भेग फार जुनी, आत आत शिरत गेलेली. फक्त वरच्या कडेला एक पांढरा स्वच्छ पट्टा होता. तेवढाच दगड आज मोडला होता. तेवढ्यावरच ती तुळई इतके दिवस लटकून होती.

तात्या गर्दीतून पुढे आले. त्यांनी त्या पांढऱ्या पट्ट्यावर आपला हात आडवा ठेवला. चार बोटं बसली. अंगठ्याला जागा नव्हती.

राजाक्काच्या बाळाचा मी मनात विचार केला. शिवरात्रीला ती पडली असती का, हे मला आजही सांगता येणार नाही. आमच्या धंद्यात न पडलेल्या दगडाचा हिशेब लागत नाही. पण त्या दिवशी मला तोंड फुटलं. पत्र चुकीचं होतं, चूक गुरवांची नव्हती, माझी होती, आणि शिवरात्रीला मी भित्रेपणाने गप्प बसले, हे मी महिपतरावांना सगळ्यांसमोर सांगितलं. महिपतरावांनी टोपी काढली आणि तात्यांच्या पायावर ठेवायला वाकले. तात्या मागे सरले. पाळी मात्र त्यांनी वर्ष भरल्याशिवाय परत घेतली नाही. दगडूला आत्ता कुठे मंत्र पाठ होतायत, म्हणाले.

संध्याकाळी आम्ही दोघं ओढ्यावर गेलो. गाठोडं मी परत आणलं होतं. विसर्जन राहिलं होतं. वैशाखातलं पाणी घोट्याएवढं, डोहात तेवढं जरा खोल. मी गाठ सोडत होते. फडक्याच्या शिवणीत अजून भाताचा कोंडा अडकलेला होता. तो नखाने काढता काढता माझा हात थांबला.

कणगीतला कोंडा. काकी गाठोडं घरातून घेऊन आल्या होत्या. ‘कणगीत तसंच हाय,’ म्हणाल्या होत्या.

“तात्या, या काचा गाभाऱ्यात कधीच नव्हत्या.”

ते पाण्याकडे बघत होते. “खंडित वस्तू कोन गाभाऱ्यात ठेवील बाई? यडा का खुळा?”

“म्हणजे दोष घडलाच नव्हता.”

“तुमी सांगून कोन ऐकत नव्हतं. सरपंच ऐकंना, तुमचा सायेब ऐकंना. देवाचा नेम तेवढा समदी ऐकत्यात.”

चाळीस वर्षांची सेवा, पळी, गावातला मान, सगळं या माणसाने माझ्या एका ‘म्हणवत नाही’वर ओवाळून टाकलं होतं. मी त्यांच्या पाया पडले. एरवी मी कुणाच्या पाया पडणारी नव्हे. घरी आई यावरून बोलायची. तेव्हापासून कुठल्याही जुन्या वास्तूत शिरले की यंत्रांची पेटी उघडण्याआधी मी विचारते, इथे झाडतं कोण? आणि त्या माणसापाशी जाऊन बसते. जे काही थोडंफार नीट करू शकले, ते या एका सवयीवर. तात्या जाऊन आता नऊ वर्षं झाली, म्हणून ही कोंड्याची गोष्ट लिहितेय. इतकी वर्षं फक्त आम्हा दोघांना आणि काकींना ठाऊक होती.

“पण तात्या,” मी डोळे पुसत विचारलं, “तुम्ही चक्क देवापुढे खोटं बोललात?”

“बोललो की.” त्यांनी सात नंबरचे दोन तुकडे उचलून माझ्या ओंजळीत ठेवले. “त्यो काय म्हनला न्हाई. तुमच्यावानी त्योबी गपच बसला.”

आणि म्हातारा असा हसला की मलाही हसू आलं. मी ओंजळ पाण्यात सोडली.